दाराबाहेरच्या चपला

“मॅडम, किती पैसे असले म्हणजे माणूस श्रीमंत म्हणायचा?”

कोथरूडच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय, की तो ऐकला की मी हातातली वही बाजूला ठेवते. विचारणाऱ्यांत पोटापाण्याची भ्रांत असलेले फार थोडे. बहुतेकांना चांगला पगार असतो, स्वतःचं घर असतं, तरी आपण मागे पडतोय ही टोचणी काही जात नाही. अशाच एकाची ही हकीगत. त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. इथे त्यांना सुधीर म्हणू.

सुधीर 44 वर्षांचे. हिंजवडीत आयटी कंपनीत मॅनेजर. वाकडला राहायला, बायको, दोन मुलं. पहाटे तीनला जाग यायची आणि मग डोळ्याला डोळा लागायचा नाही. फोन घेऊन बँकेचं ॲप उघडायचं, शिल्लक बघायची, बंद करायचं, पाच मिनिटांनी पुन्हा उघडायचं. फॅमिली डॉक्टरांनी रक्त, बीपी, थायरॉइड सगळं तपासून माझ्याकडे पाठवलं होतं.

पहिला तासभर ते इतरांबद्दलच बोलले. बरोबरीचा मित्र बाणेरला मोठ्या फ्लॅटमध्ये गेला. मेहुण्याने मुळशीकडे प्लॉट घेतला. टीममधला दहा वर्षांनी लहान मुलगा शेअर्समधून गाडी घेऊन मोकळा झाला. मग एकदम खाली मान घालून म्हणाले, “मी इतका जळकुटा कधीपासून झालो, मला कळत नाही.”

माणूस स्वतःला असं काही बोलायला लागला की मला फार वाईट वाटतं. मी त्यांना एक जुना अभ्यास सांगितला. हार्वर्डमधल्या संशोधकांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेला. लोकांना विचारलं होतं : तुम्हाला वर्षाला 50 हजार डॉलर आणि बाकीच्यांना 25 हजार, की तुम्हाला एक लाख आणि बाकीच्यांना दोन लाख? वस्तूंचे भाव दोन्हीकडे सारखेच. साधारण निम्म्या लोकांनी स्वतःला कमी मिळालं तरी चालेल, पण इतरांपेक्षा जास्त हवं, असं उत्तर दिलं. म्हणजे शेजाऱ्याच्या ताटाकडे नजर जाणं हा काही सुधीररावांच्या एकट्याचा दोष नव्हता. ऐकून त्यांचे खांदे थोडे सैल झाले.

दुसऱ्या भेटीला मी त्यांना एक हिशोब करून आणायला सांगितला होता. एकच प्रश्न : उद्या पगार थांबला, तर घर किती दिवस चालेल? पत्नीसोबत बसून करा, असं मुद्दाम सांगितलं होतं.

त्यांनी मुलाच्या वहीतलं पान फाडून आणलं होतं. हातात येणारा पगार 2 लाख 10 हजार. राहत्या घराचा हप्ता 58 हजार. ‘गुंतवणूक’ म्हणून घेतलेल्या दुसऱ्या फ्लॅटचं कर्ज 70 लाख, साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी. त्याचा हप्ता 60 हजार 700 आणि भाडं येतं 22 हजार. गाडीचा हप्ता 19 हजार. मग शाळा, किराणा, सोसायटीचा मेंटेनन्स, विमा, गावी पाठवायचे पैसे. महिन्याचा खर्च 2 लाख 27 हजार. भाडं वजा केलं तरी 2 लाख 5 हजार. आणि बँकेत हात घालता येईल अशी रक्कम 3 लाख 10 हजार.

पानाच्या तळाशी पत्नीच्या अक्षरात लिहिलं होतं : दीड महिना. खाली दोनदा रेघ ओढलेली.

“दोन फ्लॅटचे मालक आणि दीड महिना,” सुधीर म्हणाले. “दुसऱ्या फ्लॅटचे वीस वर्षांत 1 कोटी 45 लाख भरायचेत, हे मी आजवर कधी गुणून बघितलंच नव्हतं.”

हल्ली कामात चुका होतात, एकच मेल तीनदा वाचावा लागतो, असंही ते सांगत होते. पैशांची ओढाताण डोक्यातली जागा व्यापते. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा एक अभ्यास 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. त्याच शेतकऱ्यांना तोडणीआधी, हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर कोडी सोडवायला दिली, तर आधीची उत्तरं कमी बरोबर आली. माणूस तोच, बुद्धी तीच. सुधीरचा पगार त्या शेतकऱ्यांच्या कितीतरी पट, पण हात आखडलेलाच.

मला मात्र राहून राहून एक गोष्ट खटकत होती. इतका हिशोबी माणूस दुसऱ्या फ्लॅटच्या फंदात पडला कसा? तिसऱ्या भेटीत विचारलं, “लहानपणी घरात पैशांवरून काय व्हायचं?”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग सांगायला लागले. वडील एसटीत कंडक्टर. गाव बार्शीकडचं. मोठ्या बहिणीच्या लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले होते. तो रविवारी सकाळी यायचा, सायकलवरून. सायकलची घंटा वाजली की आई छोट्या सुधीरला सांगायची, “आधी बाबांच्या चपला आत घे, मग सांग, ते ड्युटीवर गेलेत.” वडील आतल्या खोलीत दाराआड उभे. नऊ-दहा वर्षांचा पोरगा चपला छातीशी धरून आत ठेवायचा आणि ओट्यावर येऊन खोटं बोलायचा.

“एकदा मी विसरलो,” ते म्हणाले. “चपला बाहेरच राहिल्या. तो चपलांकडे बघून हसला. वडिलांना बाहेर यावं लागलं.”

गरिबीत सुख असतं, असं मी कुणालाही सांगत नाही. पैसा नसण्याची लाज काय असते, ते त्या ओट्यावर बसलेल्या पोराला विचारावं. पण एवढ्या वर्षांत माझी एक खात्री झालीय : ‘किती असलं म्हणजे पुरे’ याला आकडा सापडत नाही, तोवर त्या आकड्याखाली कुठलीतरी भीती दबून बसलेली असते. सुधीरना श्रीमंत व्हायचं होतं म्हणजे दाराशी कुणी येऊ नये, एवढंच हवं होतं. त्यासाठी ते मालमत्ता जमवत गेले, आणि प्रत्येक मालमत्तेबरोबर एकेक सावकार घरात आणत गेले. मी हे बोलून दाखवलं नाही. पुढच्या भेटीत ते स्वतःच म्हणाले, “मॅडम, तीनला जाग येते ना, तेव्हा मी चपला आत घेत असतो.”

पुढचा भाग पैशांचा होता, तो माझा प्रांत नाही. सेबी या गुंतवणूक व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे नोंदणी असलेला, फी घेऊन सल्ला देणारा सल्लागार बघा, पॉलिसी विकणारा नको, एवढंच सांगितलं. दुसरा फ्लॅट विकायचा ठरला. त्याला सात महिने गेले, कारण सगळ्यात जड होतं ते मेहुण्याला सांगणं. शेवटी पत्नीनेच जेवताना सरळ सांगून टाकलं. कर्ज फिटून 14 लाख उरले. आता पगार थांबला तर घर दहा महिने चालेल. ती रेघ ओढलेली ओळ पत्नीने नव्याने लिहून फ्रिजवर लावलीय.

झोप पूर्ण सुधारली असं नाही. वर्षअखेरीला अप्रेझलच्या दिवसांत अजून जाग येते. पण ॲप उघडत नाहीत, उठून पाणी पितात.

शेवटच्या भेटीत त्यांनी सांगितलं, वडील पुण्याला आलेत राहायला. आता पंच्याहत्तरीच्या पुढचे आहेत. सकाळी सोसायटीत फेरी मारून आले आणि सवयीने चपला दाराबाहेर, पायपुसण्याशेजारी काढून ठेवल्या. सुधीर ऑफिसला निघाले होते. लॅपटॉपची बॅग खांद्याला, आणि लिफ्ट येऊन गेली तरी ते तिथेच उभे.

“किती वेळ?” मी विचारलं.

“माहीत नाही,” ते म्हणाले. “चपला बाहेर होत्या, मॅडम.”