शेवट फसलेला गेम पुन्हा खेळावा का?

‘वाचकांचे प्रश्न’ या सदरात या वेळी नागपूरच्याच तीन वाचकांची पत्रे घेतली आहेत. संगणकावरच्या कथाप्रधान गेमचा शेवट मनासारखा झाला नाही आणि आता बऱ्याच वर्षांनी त्याच गेमकडे पुन्हा वळावेसे वाटते, असा तिन्ही पत्रांचा साधारण आशय आहे. उत्तरांमध्ये या गेमचे शेवट उघड सांगितले आहेत. ते अजून खेळायचे असतील, त्यांनी हे पान उलटून पुढे गेलेले बरे.

प्रश्न : २०१२ साली मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी होतो आणि त्रिमूर्तीनगरात मित्रांसोबत खोली करून राहत होतो. ‘मास इफेक्ट’ या मालिकेचे पहिले दोन भाग आम्ही एकाच संगणकावर, आळीपाळीने, अक्षरशः वाद घालत खेळलो होतो. कोणाला वाचवायचे, कोणाशी तह करायचा यावरून आमच्यात अबोलासुद्धा झालेला आहे. त्या वर्षी मार्चमध्ये तिसरा भाग आला आणि त्याच्या शेवटी, इतक्या वर्षांचे सारे निर्णय बाजूला सारून, तीन रंगांतून एक निवडायला सांगण्यात आले. पंगतीत सगळे पदार्थ उत्तम व्हावेत आणि शेवटी पानावर नासका मठ्ठा यावा, तसे झाले. मी तो गेम त्याच रात्री संगणकावरून काढून टाकला. आता मिहानमध्ये नोकरी करतो. नवतप्यात दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते, तेव्हा सुटीच्या दिवशी कूलरसमोर बसून तिन्ही भाग पुन्हा खेळावेत असे मनात येते. खेळावेत का? थेट तिसऱ्या भागापासून आरंभ केला तर चालेल का? आणि निर्णय पूर्वीचेच घ्यावेत की वेगळे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपली तेव्हाची तक्रार रास्त होती, हे आधी सांगून टाकतो. प्रकाशनापूर्वीच्या एका मुलाखतीत दिग्दर्शक केसी हडसन यांनी सांगितले होते की, या गेमला अ, ब, क असे मोजता येण्याजोगे शेवट असणार नाहीत. प्रत्यक्षात लाल रंगाने, आकाशगंगेच्या जिवावर उठलेल्या रीपर यंत्रांचा नाश, निळ्याने त्यांच्यावर ताबा आणि हिरव्याने सजीव व यंत्रे यांचा संयोग असे तीन पर्याय समोर आले, आणि त्यांची दृश्ये रंग सोडला तर बहुतेक सारखीच होती. रागावलेल्या चाहत्यांनी त्या वेळी नुसता आरडाओरडा केला असे नाही; आपल्या मागणीकडे लक्ष वेधण्यासाठी त्यांनी आजारी मुलांना खेळणी पुरवणाऱ्या एका धर्मादाय संस्थेसाठी ८०,००० डॉलरहून अधिक निधी जमवला.

परंतु शेवट नेमका कशामुळे फसला, हे नीट पाहिल्याखेरीज पुन्हा खेळावे की नाही हे ठरवता येणार नाही, कारण त्यातले काही दोष पुढे दुरुस्त झाले आणि एक दोष अजूनही तसाच आहे.

दुरुस्त झालेल्यांपैकी पहिला दोष तर्काचा होता. दुसऱ्या भागाच्या ‘अरायव्हल’ या जोडभागात एक मास रिले, म्हणजे तारकांमधील प्रवासाचे महाद्वार, उडवल्यामुळे अख्खी ग्रहमाला नष्ट होऊन बॅटेरियन या परग्रही जमातीचे ३ लाखांहून अधिक लोक मरतात, हे आपण स्वतःच्या हाताने केलेले असते. तिसऱ्या भागाच्या शेवटी असे सगळेच रिले फुटताना दाखवले, तेव्हा ज्या आकाशगंगेला वाचवण्यासाठी एवढा खटाटोप केला तीच जळून गेली, असा अर्थ खेळाडूंनी काढला तर त्यात त्यांची चूक काय? शिवाय पृथ्वीवर आपल्या खांद्याला खांदा लावून लढणारे सोबती पुढच्याच दृश्यात कुठल्याशा हिरव्यागार ग्रहावर कोसळलेल्या नॉर्मंडी या आपल्या यानातून बाहेर पडताना दिसत, आणि ते तिथे पोहोचले कसे याला उत्तरच नव्हते. २६ जून २०१२ रोजी विनामूल्य दिलेल्या ‘एक्स्टेंडेड कट’ या वाढीव शेवटाने या दोन्ही गोष्टी सावरल्या. रिले मोडतात, पण पुन्हा उभारता येतात. आणि अखेरच्या धावेत जखमी सोबत्यांना नेण्यासाठी नॉर्मंडी खाली उतरते, असे त्यात दाखवले आहे. तिन्ही पर्याय नाकारण्याचा चौथा मार्गही त्यातच आला, मात्र तो पत्करल्यास त्या पिढीचा पराभव होतो. आपण गेम त्याच रात्री काढून टाकला, त्यामुळे यातले काहीच आपण पाहिलेले नाही.

दुसरा दोष आकड्यांचा होता, आणि आपल्याकडच्या खेळाडूंना तो अधिक जाचला. आपले निर्णय तिसऱ्या भागात युद्धबळाच्या आकड्यांत मोजले जात, परंतु इंटरनेटवरून इतरांसोबत खेळल्याशिवाय सिद्धतेचे प्रमाण ५० टक्क्यांवरच अडकून राही, म्हणजे जमवलेले बळ हिशेबात निम्मेच धरले जाई. खोलीवरच्या त्या वेळच्या जोडणीवर तसे खेळता येणे कितपत शक्य होते, हे आपणच जाणता. १४ मे २०२१ रोजी आलेल्या ‘लेजेंडरी एडिशन’ या तिन्ही भागांच्या एकत्रित नव्या आवृत्तीमध्ये तो इंटरनेटवरचा विभागच वगळला आणि गणित नव्याने बसवले, आता एकट्याने मन लावून खेळणाऱ्यालाही सर्वांत चांगला निकाल मिळू शकतो.

उरला तो खरा दोष, आणि त्याबाबत मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. अखेरीस लहान मुलाच्या रूपात प्रकटणारा कॅटॅलिस्ट, म्हणजे रीपरांचा सूत्रधार, सांगतो की, निर्माते आणि त्यांनी घडवलेली यंत्रे यांच्यात संघर्ष अटळ आहे, म्हणून रीपर हवेत. पण याच भागात, अवघ्या काही तासांपूर्वी, रॅनॉक ग्रहावर क्वेरियन जमात आणि तिने घडवलेले गेथ हे यंत्रमानव यांच्यात आपण तह घडवून आणलेला असू शकतो. त्याचे म्हणणे खोडून काढणारा पुरावा आपल्याजवळ असतो आणि तो त्याच्यासमोर ठेवण्याची मुभाच गेम देत नाही. रंगांपेक्षाही, माझ्या मते, लोकांना हे गप्प बसवणे अधिक झोंबले. फक्त राग रंगांवर काढणे सोपे होते. ‘एक्स्टेंडेड कट’ने संभाषण वाढवले, हा अन्याय मात्र मिटवला नाही. तिसऱ्या भागाचा ‘लिव्हायथन’ हा जोडभाग अखेरच्या बऱ्याच आधी खेळून घ्या. रीपर कोणी, कशासाठी निर्माण केले हे त्यात समजते आणि कॅटॅलिस्ट निदान आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही.

असे असूनही खेळाच, असे मी म्हणतो. शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांच्या धक्क्यात आपल्यापैकी अनेकांच्या हे लक्षातच आले नाही की, या गेममध्ये कथांचे शेवट एका जागी नाहीत; तिसरा भाग सुरू झाल्यापासून ते एकामागून एक येत जातात आणि त्यांतले काही अतिशय उत्कृष्ट आहेत. टचांका ग्रहावरचा मॉर्डिन आठवून पाहा. क्रोगन जमातीची जननक्षमता खुंटवणाऱ्या जेनोफाजवर याच सलेरियन शास्त्रज्ञाने पूर्वी काम केलेले, आणि त्याच जमातीला बरे करणारे औषध हवेत सोडण्यासाठी तो कोसळत्या मनोऱ्याच्या लिफ्टमध्ये चढतो. दार बंद होते, वर आग पेटलेली असते, आणि तो यंत्रावर घाईघाईने बोटे फिरवत आपले जुने गाणे गुणगुणत राहतो. परंतु रेक्स हा आपला क्रोगन सोबती पहिल्या भागात विर्मायर ग्रहावर मारला गेला असेल आणि दुसऱ्या भागात मॉर्डिनचा शिष्य मेलॉन याचे जेनोफाजवरच्या उपायाचे संशोधन आपण नष्ट केले असेल, तर याच मॉर्डिनला समजावून परत फिरवता येते आणि तो जगतो. म्हणजे दोन भागांतली आपली कठोर वागणूक एका चांगल्या माणसाचे प्राण वाचवते, आणि त्याबदल्यात एका जमातीची फसवणूक पदरात पडते. निर्णयांना फळ नाही असे म्हणणाऱ्यांनी हे दृश्य एकदा दोन्ही बाजूंनी पाहावे.

याच कारणाने थेट तिसऱ्या भागापासून आरंभ करू नका. रॅनॉकवरचा तह घडायला दुसऱ्या भागात टाली ही क्वेरियन आणि लीजन हा गेथ हे दोन्ही सोबती जिवंत राहावे लागतात आणि दोघांच्याही खासगी मोहिमा पूर्ण व्हाव्या लागतात; टालीची हद्दपारी टाळली आणि तिसऱ्या भागात क्वेरियन ॲडमिरल कोरिसची सुटका केली, तर तह साधणे सोपे जाते. जुनी सेव्ह फाईल पुढे न आणता तिसरा भाग सुरू केला, तर ही वाटच बंद असते. पहिला भाग २००७ सालचा आहे आणि त्याच्या लढाया आज थोड्या जड वाटतील, पण नव्या आवृत्तीत माको ही गाडी बरीच वळणावर आली आहे आणि लिफ्टमधले ते कुप्रसिद्ध ताटकळणे कमी झाले आहे. डिस्कवर १२० जीबी जागा मोकळी करून ठेवा. जोडभागांसह तिन्ही भाग निवांत खेळल्यास साधारण १०० तासांच्या घरात जातात; एका उन्हाळ्यात बसेल, पण नुसत्या नवतप्यात नव्हे.

निर्णय तेच की वेगळे, या प्रश्नावर माझे मत थोडे आडमुठे वाटेल. सगळेच उलट करण्याच्या फंदात पडू नका. तसे केल्यास शेपर्ड, म्हणजे आपण खेळतो ते मुख्य पात्र, हे माणूस न राहता नुसती परीक्षा होते. ज्या निर्णयांवरून त्या खोलीत अबोला झाला, तेवढेच मित्रांच्या बाजूने घेऊन पाहा. आणि एखादा डाव बिघडला, तर जुनी सेव्ह उघडून तो सावरू नका. गेथांची बाजू घेतल्यावर टाली मुखवटा काढते आणि कड्यावरून स्वतःला मागे झोकून देते, ते दृश्य तह साधणाऱ्या खेळाडूला कधी दिसतच नाही.

अखेरीस एक व्यवहाराची गोष्ट. सर्बेरस या शत्रू संघटनेच्या मुख्य तळावर हल्ला केल्यानंतर मागे फिरता येत नाही. ‘सिटाडेल’ हा मार्च २०१३ मध्ये आलेला जोडभाग त्याच्या अगदी आधीसाठी राखून ठेवा. सर्व सोबती एका घरात जमून खातात, पितात, भांडतात आणि सकाळी निरोप घेतात, एवढाच त्याचा गाभा आहे, आणि चाहत्यांना ज्या निरोपाची हुरहुर लागून राहिली होती तो तिथे मिळतो. त्यानंतर तीन रंग आले तरी त्यांचा पूर्वीइतका त्रास होणार नाही, असा माझा कयास आहे. लाल पर्याय पुरेशा युद्धबळासह निवडलात, तर नॉर्मंडीवरच्या स्मृतिभिंतीजवळ एक सोबती शेपर्डच्या नावाची पट्टी हातात धरून उभा राहतो आणि ती भिंतीवर लावत नाही. का लावत नाही, हे त्यानंतरच्या क्षणभराच्या दृश्यात कळते.

प्रश्न : चाहत्यांनी तयार केलेले मॉड टाकून काही जण शेवटच बदलून घेतात, असे ऐकते. मुळातच नावडलेला शेवट पुन्हा सोसण्यापेक्षा सरळ तो बदलून खेळण्यात गैर काय?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : गैर काहीच नाही, संगणक आपला आहे आणि वेळही आपलाच. मात्र मॉड दोन प्रकारचे असतात आणि त्यांत गल्लत होऊ नये, असे मला वाटते. ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २’ हा गेम डिसेंबर २००४ मध्ये घाईने बाजारात आला आणि त्याच्या उत्तरार्धातला बराच मजकूर अर्धवट अवस्थेत फायलींमध्येच पडून राहिला. चाहत्यांनी तो अनेक वर्षे खपून जुळवला आणि गेममध्ये परत बसवला. २०१५ साली त्या गेमला स्टीम या गेमविक्रीच्या सेवेवर मॉडची अधिकृत सोय मिळाल्यापासून तो टाकणेही सोपे झाले आहे. तिथे लेखकांनी लिहिलेलेच वाचकाच्या हाती येते, म्हणून तो गेम पुन्हा खेळताना मी हा मॉड नि:संकोच टाकायला सांगेन.

‘मास इफेक्ट ३’मध्ये शेपर्डला सुखरूप घरी आणणारे मॉड याहून वेगळे आहेत, ती चाहत्यांची इच्छा आहे, मूळ लेखकांचा गाळलेला भाग नव्हे. ज्यांनी ‘एक्स्टेंडेड कट’ पाहिलेला नाही त्यांनी एकदा तो तसाच पाहावा आणि मग हवे तर बदलावे. न पाहताच बदलले, तर आपण कशावर रागावलो होतो हेही पुढे आठवणार नाही.

प्रश्न : ‘फॉलआउट ३’च्या शेवटी किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत मला मरायला पाठवले, आणि किरणोत्सर्गाचा ज्याच्यावर परिणामच होत नाही असा सोबती शेजारी उभा राहून आत जायला नकार देत होता. वर, तिथेच गेम संपला. तो आता पुन्हा खेळण्यात अर्थ आहे का?
— एक वाचक, सीताबर्डी

उत्तर : अर्थ आहे, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे. ऑक्टोबर २००८ मधल्या त्या गेमला मे २००९ मध्ये ‘ब्रोकन स्टील’ हा जोडभाग मिळाला. त्यामुळे शेवटानंतरही खेळ चालू राहतो आणि फॉक्स या आपल्या सोबत्याला आत पाठवता येते. पाचही जोडभाग असलेली ‘गेम ऑफ द इयर’ आवृत्तीच घ्या, म्हणजे वेगळे काही शोधावे लागणार नाही. फक्त एवढे लक्षात असू द्या की, फॉक्सला आत पाठवल्याबद्दल अखेरचा निवेदक आपल्याला भित्रे ठरवून टोमणा मारल्याशिवाय राहत नाही. लेखकांना ती दुरुस्ती फारशी मनापासून करायची नव्हती, असेच ते ऐकून वाटते.