कँटन फेअरला पहिल्यांदा निघालायस ना?

आधी फेज बघ, मगच तिकीट काढ. चीनमधल्या ग्वांगझूचं हे व्यापारी प्रदर्शन १९५७पासून वर्षातून दोनदा भरतं, एप्रिलात आणि ऑक्टोबरात, आणि आता प्रत्येक वेळी तीन फेजमध्ये, म्हणजे टप्प्यांत. मशिनरी, हार्डवेअर पहिल्या फेजला, घरगुती वस्तू दुसऱ्या, कपडे तिसऱ्या. तुला स्टीलची भांडी हवीत, म्हणजे दुसरी. पहिलीला पोचलास तर प्रदर्शन भरतं ते पाझोऊ बेट नुसतं बघून परत येशील.

बूट जुनेच घाल. एकेक हॉल म्हणजे आपला अख्खा बाजार. मी पहिल्या दिवशी दुपारीच टेकलो होतो. वही आणि स्टेपलर मात्र विसरू नकोस. कार्ड मिळालं की तिथल्या तिथे पानावर टाचायचं, खाली भाव, किमान ऑर्डर, स्टॉल नंबर. रात्री हॉटेलात सगळी कार्डं सारखीच दिसतात. भाव सांगितला की एफओबी का, म्हणजे माल जहाजावर चढवेपर्यंतचाच का, ते विचार; जहाजाचं भाडं-विमा त्यात नसतो, हिशेब तिथेच चुकतो.

वीचॅट इथूनच सुरू करून जा, तिथे व्हॉट्सअ‍ॅपचा भरवसा नाही. आणि ऑर्डर स्टॉलवर देऊ नकोस. सॅम्पल घे, जमलं तर कारखाना बघ. समोरचा कारखानदार आहे की दलाल, हे चहा पिता पिता कळत नाही रे.