दहा गायींच्या आधी दहा गायींचा चारा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तीन एकर बागायत, विहिरीला मार्चपर्यंत पाणी, दहा लाखांचं कर्ज मंजूर व्हायच्या बेतात, आणि बेंगळुरूकडच्या दिवसाला वीस-वीस लिटरच्या दहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाची जात) गायी एकदम आणायच्या. लिटरला 35 रुपये धरून तुम्ही महिन्याचा नफा काढलाय आणि यात काय चुकतंय असं विचारलंय. मी संगमनेर तालुक्यात सतरा वर्षं गोठा चालवतोय. आज लहानमोठी बावीस जनावरं आहेत, त्यातली बारा दुधात. माझं म्हणणं असं की गायी आणायचं सहा महिने पुढे ढकला आणि तोवर चारा उभा करा.

आधी दराचं बोलू. 2020 च्या टाळेबंदीत आमच्याकडे गायीचं दूध 18-20 रुपयांवर आलं होतं. 2023 च्या जुलैत शासनाने 3.5 टक्के फॅट (स्निग्धांश) आणि 8.5 टक्के एसएनएफ (स्निग्धांश सोडून बाकीचे घन घटक) असलेल्या दुधाला 34 रुपये किमान दर ठरवला, आणि ते वर्ष सरायच्या आत हातात 25 ते 27 पडायला लागले. मग 2024 च्या जानेवारीपासून लिटरला 5 रुपये अनुदान आलं. असं वरखाली चालूच राहतं. म्हणून कागदावर 26 धरा. 26 ला घर आणि गोठा चालला तर 35 चा महिना आला की त्यातून गंगाजळी होते.

आता 26 ला काय होतं बघा. 15 लिटरची गाय दिवसाला 390 रुपयांचं दूध देते. शरीरपोषणाला दीड-दोन किलो आणि लिटरमागे 400 ग्रॅम या हिशेबाने तिला साडेसात-आठ किलो गोळी पेंड लागते. किलोला 33 रुपये धरले तर अडीचशे रुपये नुसत्या पेंडीला गेले. उरलेल्या 140 मध्ये चारा, औषध, वीज, मजुरी आणि तुमचा हप्ता बसवायचा आहे. तो बसत नाही. बहुतेक नवे गोठे इथेच बंद पडतात, आणि लोक म्हणतात दराने मारलं.

पेंड कमी करायची वाट चाऱ्यातून जाते. माझ्याकडे 15 लिटरच्या गायीला 20-22 किलो मक्याचा मुरघास (हिरवी कुट्टी हवाबंद दाबून आंबवलेला चारा), आठ-दहा किलो लसूणघास आणि चार किलो कडबा कुट्टी असते, म्हणून पेंड पाच-साडेपाच किलोत भागते. खनिज मिश्रण मात्र रोज द्यायचं, त्यात काटकसर करू नका. तुमचं पाणी मार्चला संपतं, म्हणजे तुम्हाला मुरघासाशिवाय गत्यंतर नाही. दहा गायींना रोज 200 किलो म्हणजे वर्षाला 73 टन. एकरी 15 ते 18 टन मका निघतो, तेव्हा खरीप आणि रब्बी मिळून चार ते पाच एकरांचं पीक लागेल. तीन एकरांत दोन हंगाम घेऊन, लसूणघासाला जागा सोडून, हे जेमतेम बसतं.

मुरघास करताना मक्याच्या दाण्यात दुधासारखा चीक भरला की कापायचा. मूठभर कुट्टी दाबून बघा: पाणी गळू नये आणि मूठ उघडल्यावर गोळा लगेच फुटू नये. कुट्टी अर्धा-पाऊण इंच. खड्ड्यात अर्ध्या फुटाचा थर झाला की ट्रॅक्टर फिरवायचा, मग पुढचा थर. दाबण्यात कंटाळा केला की हवा राहते, हवा राहिली की बुरशी धरते, आणि बुरशीचा मुरघास खाल्लेली गाय आटते, प्रसंगी गाभडते. 30 बाय 10 फूट, 5 फूट खोल खड्ड्यात 20-22 टन बसतो. 45 दिवसांनी उघडा. आंबटगोड वास आला पाहिजे. रोज तोंडाकडून सरळ काप घ्यायचा आणि उघडं तोंड लगेच झाकायचं. 2020 ला माझ्याकडे दोन भरलेले खड्डे होते आणि डोक्यावर हप्ता नव्हता, म्हणून मी एकही गाय विकली नाही. शेजारी चांगल्या दुसऱ्या वेताच्या गायी मातीमोल गेल्या, ते बघवत नव्हतं.

चाऱ्यानंतर जिथे पैसा गळतो तो भाकडकाळ. दूध नसलेली गायही दिवसाला दीडशे रुपये खातेच. एक माज (गाय गाभण राहू शकते तो काळ) चुकला की पुढच्या माजापर्यंत 21 दिवस गेले, म्हणजे तीन हजारांवर. दहा गायींचा एकेक माज चुकला तर तीस हजार, आणि हे कुठल्या वहीत दिसत नाही. व्यायल्यापासून तीन महिन्यांच्या आत गाय गाभण गेली पाहिजे. माज रात्री आणि पहाटे जास्त दिसतो, तेव्हा रात्री दहाला आणि पहाटे पाचच्या आत गोठ्यात एक फेरी हवीच. माजाच्या खुणा अशा: काचेसारखा सोट (योनीतून लोंबणारा चिकट स्राव), सारखं हंबरणं, दुसऱ्या गायीला अंगावर चढू देणं. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन (वळूचं वीर्य सोडून गाय भरणं), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आमच्याकडे माज आधी बायकोच्या लक्षात येतो, कारण सगळ्या गायींच्या सवयी तिला पाठ आहेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती तारीख लिहिते. रेतनानंतर दोन महिन्यांनी डॉक्टरकडून गाभण तपासून घ्या, ‘पुन्हा माजावर आली नाही म्हणजे राहिली’ असं धरू नका.

आता दहा गायी एकदम आणण्याचं. ताज्या व्यायलेल्या दहा आणल्या तर दहाही एकदमच आटतील. दहा लाख पाच वर्षांसाठी घेतलेत तर हप्ता महिन्याला एकवीस-बावीस हजार येईल आणि तो भाकड महिन्यांतही जाईल. चार आणा, चार-पाच महिन्यांनी तीन, मग तीन. कर्जही लागेल तसं उचला.

खरेदीत मी स्वतः फसलोय. पहिल्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून पाच गायी घेतल्या. त्याने आदल्या वेळची धार न काढता कास तुंबवून 22 लिटर दाखवलं. घरी त्या 14 च्या वर गेल्या नाहीत, आणि एकीचा मागचा सड बंद होता. तुम्ही मुक्काम करा आणि लागोपाठ तीन धारा समोर काढायला लावा. चारही सड स्वतः पिळून बघा. ब्रुसेला (गाय गाभडवणारा संसर्ग) आणि क्षयाची तपासणी झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

पण खरा भरवसा घरच्या कालवडींचा. 2022 ला लम्पी हा गुरांचा त्वचारोग आला, जनावरांचे बाजार बंद झाले. माझी एक गाय गेली, दोघींचं दूध तुटलं, बाहेरून आणायची सोय नव्हती. त्या हिवाळ्यात घरच्या दोन कालवडी व्यायल्या आणि संकलन केंद्रावरचं माझं माप टिकलं. वासराला जन्मल्यापासून तासाभरात चीक (व्यायल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध) पाजा, दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. अडीचशे-पावणेतीनशे किलोची झाली की रेतन करा. आता लिंगवर्गीकृत रेतमात्रा मिळतात, दहातल्या नऊ कालवडी होतात. चांगल्या गायींना त्याच वापरा.

बाकी थोडक्यात. गोठा मुक्त करा, म्हणजे गायी न बांधता कुंपणात मोकळ्या ठेवा, पाणी चोवीस तास समोर ठेवा. दगडी (कासेची सूज) होऊ नये म्हणून धार काढल्यावर सड औषधात बुडवा आणि अर्धा तास गाय खाली बसू देऊ नका, ताजा चारा टाकला की ती उभी राहते. गाय आटवताना (पुढच्या वेताआधी दूध बंद करताना) चारही सडांत औषध सोडून घ्या. लाळ्या-खुरकूताची लस वर्षातून दोनदा, घटसर्प-फऱ्याची पावसाळ्याआधी.

विहिरीला एप्रिल-मेमध्ये जनावरांपुरतं तरी पाणी राहतं का, ते कळवा. गायीला उन्हाळ्यात रोजचे शंभर लिटर धरा. त्यावर किती गायी पेलतील ते ठरेल, मग तुमच्या तीन एकरांची चाऱ्याची आखणी आपण मिळून करू.