अंगण-गच्ची : तुमचे प्रश्न

प्रश्न : काकू, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. कंपाउंडच्या भिंतीलगत ऑफिस टाइम या फुलझाडाच्या काड्या लावल्या. काळी माती, शेणखत भरपूर. महिन्यात हिरवागार गालिचा झाला, पण फुलं मोजून चार. आता मधल्या काड्या बुडाशी काळ्या पडून मऊ व्हायला लागल्यात. पाण्याची हयगय अजिबात नाही, नळ आला की पट्टा तुडुंब भरते. भिंतीमुळे ऊन अकरानंतर येतं. काय चुकतंय?

उत्तर : ‘तुडुंब’ शब्दापाशीच थांबले बघा मी! आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो. त्या दिवशी बॅरलमधलं शिळं पाणी काढायचं असतं, गटारात ओतायला जीव होत नाही, मग बादल्यांवर बादल्या झाडांना. पहिल्या वर्षी मीही हेच केलं. गच्चीवरच्या सहा कुंड्या पंधरा दिवसांत सडल्या आणि मी मात्र रोपं देणाऱ्या बाईंना नावं ठेवत बसले.

ऑफिस टाइम म्हणजे आपल्या घोळीच्या भाजीची चुलत बहीण, मूळची दक्षिण अमेरिकेतली. एक पान चिमटीत दाबा, बोट ओलं होईल. पाण्याचा साठा ती अंगातच बाळगते. आपली काळी माती धरलेल्या ओलीवर शाळूचं पीक काढून देते, पण तीच ओल या रोपाच्या मुळावर उठते.

मऊ पडलेल्या काड्या उपटून टाका. निरोगी शेंड्यांचे चार-चार बोटांचे तुकडे खुडा, खालची पानं काढा आणि दिवसभर सावलीत सुकू द्या. तोवर एक घमेलं माती, एक घमेलं जाड वाळू नाहीतर चाळलेला मुरूम आणि दोन ओंजळी जुनं शेणखत कालवून वीतभर उंच वाफा करा. त्यात वीत-वीत अंतरावर काड्या खोचा. पाणी द्यायच्या आधी बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर बादली खाली ठेवा. आता मार्च-एप्रिलच्या उन्हाला घाबरून रोज शिंपडत बसू नका. दुपारी पानं जरा मलूल दिसली तरी संध्याकाळी सावरतात. शिळं पाणी कर्दळीला घाला, ती कितीही पिते.

फुलांचं कारण वेगळं. एक तर खत जास्त झालंय, त्यानं नुसता पाला माजतो. दुसरं म्हणजे ऊन. हिचं फूल एकाच दिवसाचं, उन्हाबरोबर उघडतं आणि दुपार कलली की मिटतं. ढगाळ दिवशी तर अर्धवटच. अकराला ऊन पोचल्यावर फुलायला वेळ कितीसा उरतो? निदान सहा तास ऊन मिळेल असा वाफा फाटकाकडे सरकवा. लांबलेले शेंडे खुडत राहा, फांद्या फुटतात आणि कळ्याही वाढतात.

प्रश्न : मग भिंतीलगतच्या त्या सावलीत काय लावू? वेडेलियाची पसरणारी वेल चालेल?

उत्तर : चालेल, पिवळी फुलंही देईल. पण ती टेकेल त्या पेराला मुळं फोडत पसरते. विटांची कड घाला आणि महिन्याला कात्री चालवा, नाहीतर शेजारच्या वहिनी तिची तक्रार घेऊन दारात येतील. छाटलेले तुकडे ओढ्याकाठी किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकू नका, तिथेही रुजतात. वाळवून मगच कचऱ्यात द्या.