फोन वडिलांच्या खिशात, बोलायचं लेकराशी

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात मी आठवीचा वर्गशिक्षक आहे. कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली. समुपदेशक नाही, ते काम माझ्याकडेच आलं. फोन केला की मुलं 'बरं आहे सर' म्हणून गप्प होतात. कसं बोलतं करावं?

उत्तर : शेजारी आईवडील बसले असताना मूल दुसरं काय म्हणणार? फोन वडिलांचा, तोही बहुधा स्पीकरवर. म्हणून आधी विचारा, 'जवळ कोण आहे? स्पीकर चालू आहे का?' कुणी असेल तर फक्त हो-नाहीत उत्तर येईल असेच प्रश्न ठेवा : झोप लागते का, जेवण जातं का, कुणाची भीती वाटते का. 'सर, गणिताचं पुस्तक पाहिजे' म्हटलं की आत्ता बोलता येत नाही, असा संकेत आधीच ठरवा.

कापसाची वेचणी सुरू असली की दिवसभर घर वावरात असतं, म्हणून दिवेलागणीनंतर फोन करा. पहिला फोन पालकांना. हजेरीच्या क्रमाने सगळ्याच मुलांशी बोलतो आहे, हे त्यांना सांगा. एकाच पोरीला फोन गेला की गावात कुजबुज होते, आणि पुढच्या वेळी फोन उचललाच जात नाही. मुलींशी शक्यतो शिक्षिकेनं बोलावं. दहा-पंधरा मिनिटं पुरेत, पण ठरल्या वारी, ठरल्या वेळी. 'अभ्यास झाला का?' हा प्रश्न शेवटी, किंवा नकोच.

'कुणालाच सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका. जिवाला धोका दिसला तर सांगावंच लागतं, आणि मग विश्वास कायमचा जातो. 'तुझ्या जिवाला धोका नसेल तोवर आपल्यातच' असं म्हणा.

दोन आठवडे झोप-भूक बिघडलेली, मित्रांशी बोलणं बंद, किंवा 'मी नसतो तर बरं' अशी भाषा ऐकू आली, तर आत्महत्येचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उत्तर 'हो' असेल तर फोन ठेवू नका, घरातल्या मोठ्या माणसाला बोलवा. मुलाला एकटं सोडू नये, आणि फवारणीची औषधं त्याच दिवशी घरातून हलवून कुलपात ठेवावीत. आपल्या भागात हे सर्वांत आधी करायचं काम. मग प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत जिल्हा रुग्णालय. केंद्र सरकारची 'मनोदर्पण' मदतवाहिनी ८४४८४४०६३२ हीसुद्धा विद्यार्थी, पालक, शिक्षक तिघांसाठी आहे.

घरात मृत्यू झाला असेल तर 'आता तूच घरचा मोठा' हे वाक्य टाळा. तेरा वर्षांच्या पोराला ते खरं वाटतं, आणि ते शाळा सोडतं.

प्रश्न : नववीतल्या मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं. कोरोनाच्या निर्बंधांमुळे मोजक्या माणसांत लग्न करून खर्च वाचत होता, म्हणून घाई होती. (शिक्षिका, अमरावती जिल्हा)

उत्तर : हळद लागण्याआधी हालचाल करा. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार मुलीचं वय १८ पूर्ण हवं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतात. त्यांना कळवा किंवा १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा, तो मोफत आणि चोवीस तास चालतो. घरचे 'वय झालंय' म्हणतील, म्हणून मुख्याध्यापकांकडून जनरल रजिस्टरमधल्या (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतल्या) जन्मतारखेचा उतारा आधीच काढून ठेवा. लग्नाची तारीख आणि ठिकाण कळलं तर न्यायालयाकडून मनाई हुकूमही घेता येतो. मुलीकडून तक्रार लिहून घेऊ नका. तिला त्याच घरात राहायचं आहे.