प्रोटोटाइपला ‘प्रतिकृती’ म्हणावं का?

प्रश्न असा आलाय: शाळेच्या विज्ञान मासिकासाठी लेख लिहायचाय, त्यात रॅपिड प्रोटोटायपिंगला ‘शीघ्र आद्यरूपण’ आणि प्रोटोटाइपला ‘प्रतिकृती’ लिहिलं तर चालेल का, थ्रीडी प्रिंटिंगचं ‘त्रिमितीय मुद्रण’ करायचं का, आणि प्रिंट तो की ती.

आधी प्रतिकृतीचं बघू, कारण तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच नाही, सरळ अर्थ उलटा होतोय. प्रतिकृती म्हटलं की मूळ वस्तू आधी आहे आणि तिच्यावरून दुसरी केलीय. दिवाळीत पोरं रायगडाची प्रतिकृती करतात कारण रायगड आहे. प्रोटोटाइपमध्ये खरी वस्तू अजून कुठेच नसते, कॉम्प्युटरवर नुसतं डिझाइन असतं आणि हातात धरून बघायला, बसतंय का नाही तपासायला म्हणून पहिला पीस काढलेला असतो. त्यामुळे प्रतिकृती नकोच.

‘नमुना’ चालेल, पण या शब्दावर आधीच फार ओझं आहे. सात-बारा म्हणजे गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12, मासिकवाले पाठवतात तो नमुना अंक, आणि सोसायटीत एखादा असतोच ज्याला सगळे ‘काय नमुना आहे’ म्हणतात. बाजारात धान्याची मूठ दाखवतात तोही नमुनाच, म्हणजे वानगी, पण ती तयार मालातली असते. म्हणून मी तरी ‘चाचणी नमुना’ लिहीन, हा तपासायला केलाय आणि अजून बदलणार आहे हे त्यात आपोआप येतं. वर्कशॉपमध्ये हा शब्द कोणी बोलत नाही हे खरं, तिथे ट्रायल पीस नाहीतर सँपल, आणि भोसरी-चाकणच्या बाजूला ‘आधी आरपी काढून घे, मग डायचं बघू’ असंच चालतं (आरपी म्हणजे रॅपिड प्रोटोटाइप, डाय म्हणजे धातूचा पक्का साचा). काही जण ‘साचा’ लिहितात ते मात्र चूक, साच्यात ओततात, साचा तपासत बसत नाहीत. कोल्हापूरच्या फाउंड्रीत ज्याला पॅटर्न म्हणतात तोही प्रोटोटाइप नव्हे, त्याच्यावरून वाळूत साचा करतात आणि धातू थंड होताना आकसतो म्हणून पॅटर्न मुद्दाम किंचित मोठा ठेवतात.

आता रॅपिड. कशाच्या मानाने रॅपिड ते लेखात सांगा, नाहीतर मुलांना वाटेल मशीन सुसाट चालतं. समजा मिक्सरच्या भांड्याचं झाकण मोल्डिंगनं करायचंय, तर आधी स्टीलचा मोल्ड लागतो, त्यात आठवडेच्या आठवडे जातात, खर्च लाखांत, आणि सगळं झाल्यावर कळलं की खाच अर्धा मिलिमीटर चुकलीय तर मग बोंबला. तेच झाकण थरावर थर चढवत काढलं तर काही तासांत, फारतर रात्रभरात हातात येतं, बसवून बघायचं, चुकलं तर डिझाइनमध्ये बदल करून परत लावायचं. मशीन तसं रेंगाळतच असतं, साधारण 0.2 मिलिमीटरचा एक थर धरला तर 2 सेंटिमीटर उंचीला 100 थर झाले, समोर बसून बघितलं तर डुलकी लागते. वेळ वाचतो तो मोल्डचा. ‘शीघ्र’ अर्थानं चूक नाही पण मला त्यानं फक्त शीघ्रकवी आठवतात, आणि ‘आद्यरूपण’चं क्रियापद करून बघा, ‘आम्ही काल झाकण आद्यरूपलं’. ‘झटपट चाचणी नमुना काढणं’ लांब आहे पण निदान बोलता येतं.

प्रिंटिंग या शब्दाची गंमत वेगळी आहे. चक हल यांनी द्रव रेझिनवर अतिनील प्रकाश पाडून एकेक थर घट्ट करायची पद्धत काढली, 1984 मध्ये अर्ज केला, 1986 मध्ये पेटंट मिळालं, तिचं नाव स्टिरिओलिथोग्राफी. स्कॉट क्रंप यांची प्लॅस्टिकची तार वितळवून नोझलमधून सोडायची पद्धत, तिचं नाव एफडीएम. आज घरोघरच्या छोट्या मशीनवर जे चालतं ते हेच. ‘थ्रीडी प्रिंटिंग’ हे नाव आलं अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतल्या इमॅन्युएल सॅक्स आणि सहकाऱ्यांच्या पद्धतीतून, पावडरीचा थर पसरायचा आणि इंकजेट प्रिंटरसारख्या हेडनं त्यावर चिकटवणारा द्रव फवारायचा, म्हणजे तिथे प्रिंटर खरोखरच होता. पुढे ते नाव बाकीच्या सगळ्या पद्धतींना चिकटलं.

मराठीत छापणं म्हणजे मुळात दाबून ठसा उमटवणं, इथे दाब नाही नि ठसा नाही, वस्तू खालून वर वाढत जाते. ‘त्रिमितीय मुद्रण’ वाचलं की उठावाच्या अक्षरांची लग्नपत्रिका डोळ्यांपुढे येते. थ्रीडी प्रिंटिंगच ठेवा, सगळ्यांना कळतं, आणि समजावताना ‘थर’ वापरा, दहीहंडीमुळे तो पोरांच्या तोंडात आहेच. सपोर्टला ‘टेकू’ लिहा, अधांतरी भागाखाली मशीन स्वतःच टेकू उभे करतं आणि नंतर ते पक्कडीनं तोडताना कडेला ओरखडे राहतात ते पॉलिश पेपरनं घासावे लागतात.

एक मात्र सांभाळा, रॅपिड प्रोटोटायपिंग आणि थ्रीडी प्रिंटिंग हे समानार्थी म्हणून वापरू नका. व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरायच्या मशीनवर, अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा कोरून काढलेला पीसही प्रोटोटाइप असू शकतो, लेझरनं पत्रा कापून वाकवलेलाही. आणि उलट बाजूनं, चेन्नईच्या अग्निकुल या रॉकेट बनवणाऱ्या कंपनीनं 30 मे 2024 ला श्रीहरिकोट्याहून जे रॉकेट सोडलं त्याचं इंजिन एकसंध थ्रीडी प्रिंट केलेलं होतं, ते उडालं, त्याला नुसता चाचणी नमुना म्हणून कसं चालेल. अशा कामाला तंत्रज्ञ अ‍ॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग म्हणतात, मराठीत ‘थर चढवून घडवणं’ लिहिलं तर नववीतल्या मुलाला पुरे, ‘समावेशी उत्पादन’ वगैरे नको.

राहिलं लिंग. प्रिंट ती, कागदाची काढतो तशीच, ‘रात्री प्रिंट लावली, सकाळी बघतो तर कोपरा उचललेला’. पार्ट तो, पीस तो, मशीन ते. थ्रीडी प्रिंटर तो.