'यंग अ‍ॅडल्ट' म्हणजे 'तरुण प्रौढ' नव्हे

प्रश्न असा आहे: एका अनुवादित पुस्तकाच्या मलपृष्ठावर 'तरुण प्रौढ रोमँटिक गूढ साहस कादंबरी' असे वर्णन छापले आहे. कथा परदेशात घडते, नायिका सतरा वर्षांची आहे आणि ती हरवलेल्या भावाचा शोध घेते. हे मराठी बरोबर आहे का? नसेल तर काय लिहावे?

बरोबर नाही, आणि सगळ्यात मोठी चूक पहिल्या दोन शब्दांतच आहे. 'यंग अ‍ॅडल्ट' या इंग्रजी संज्ञेचे ते शब्दशः भाषांतर. मराठीत 'प्रौढ' म्हटले की पोक्त, संसारात मुरलेला माणूस समोर येतो. प्रौढ शिक्षण, प्रौढ कुमारिका, प्रौढपणाने वागणे हे सगळे वापर त्याच अर्थाचे. त्यात 'केवळ प्रौढांसाठी' हे शब्द चित्रपटाच्या प्रमाणपत्रामुळे सर्वांच्या परिचयाचे. म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकावर 'प्रौढ' छापले, तर ज्याच्यासाठी ते आहे त्यालाच ते बाजूला ठेवावेसे वाटेल. शिवाय 'तरुण' आणि 'प्रौढ' या मराठीत लागोपाठच्या दोन अवस्था आहेत. एकाच व्यक्तीला एकाच वेळी दोन्ही लावता येत नाहीत.

मग वयासाठी कोणता शब्द? इथे थोडे थांबायला हवे, कारण आपले वयवाचक शब्द संस्कृतातून येताना जागा बदलून आले आहेत. एक परिचित श्लोक असा: 'कौमारं पञ्चमाब्दान्तं पौगण्डं दशमावधि। कैशोरमापञ्चदशात् यौवनं तु ततः परम्॥' या हिशेबाने पाचव्या वर्षापर्यंत कुमार, दहाव्यापर्यंत पौगंड, पंधराव्यापर्यंत किशोर आणि पुढे यौवन. मराठीने यातले दोन शब्द वर सरकवले. आपला 'कुमार' बालवाडीतला नसतो, तो माध्यमिक शाळेतला असतो. आणि मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांतली 'पौगंडावस्था' नेमकी किशोरवयाची असते. शब्दाचा मूळ अर्थ दाखवून आजचा वापर चुकीचा ठरवता येत नाही, पण शब्द निवडताना ही सरकासरक ठाऊक असलेली बरी. ('किशोर'चा संस्कृतातला जुना अर्थ घोड्याचे शिंगरू. तारुण्याच्या उंबरठ्यावरच्या मुलाला यापेक्षा चपखल शब्द मिळणे कठीण.)

'यंग अ‍ॅडल्ट' या संज्ञेची व्याप्ती ग्रंथालयांच्या व्यवहारात साधारण १२ ते १८ वर्षे धरली जाते. मराठीत हा पट्टा एका शब्दात मावत नाही. 'कुमार' हा शब्द बारा-चौदाच्या वाचकाला शोभतो, पण प्रेमकथेच्या डोक्यावर तो लहानगा वाटतो. 'किशोर' नावाचे बालभारतीचे मासिक १९७१पासून शाळकरी मुलांच्या हाती आहे, त्यामुळे त्या शब्दालाही शाळेचा वास लागला आहे. 'वयात आलेल्यांसाठी' हा पर्याय तर नकोच. 'वयात येणे' हे मराठीत शारीरिक बदलांबद्दल बोलले जाते. सोळा ते अठराच्या नायिकेची प्रेमकथा असेल तर 'नवतरुणांसाठी' हा शब्द मला सर्वांत योग्य वाटतो. तो समजतो आणि कुणाला लहान किंवा म्हातारे ठरवत नाही.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: 'किशोरवयीन कादंबरी' असेही सर्रास लिहिले जाते. किशोरवयीन मुलगी असते. कादंबरीला वय नसते. 'किशोरवयीनांसाठी कादंबरी' म्हणा, किंवा 'बालसाहित्य'च्या धर्तीवर 'किशोरकादंबरी' असा समास जोडून लिहा.

'रोमँटिक'कडे वळू. साहित्यविचारात 'रोमान्स'ला 'अद्भुतरम्य' हा सुंदर प्रतिशब्द आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या १८६१च्या 'मुक्तामाला'सारख्या कादंबऱ्यांना समीक्षक हेच विशेषण लावतात. पण तो प्रकार म्हणजे योगायोग, संकटे आणि विलक्षण घटनांची रेलचेल. प्रेमकथा त्यात असते, पण ती त्याची व्याख्या नाही. आजच्या मलपृष्ठावर 'रोमान्स' म्हणजे सरळ प्रेमकथा. 'प्रणयकथा' म्हटल्यास शारीरिक जवळीक सूचित होते, म्हणून या वयासाठी 'प्रेमकथा'च ठेवावे.

'गूढ' आणि 'रहस्य' यांची अदलाबदल ही दुसरी मोठी चूक. दोन्हींत लपवणे आहे: 'रहस्य' हे 'रहस्' म्हणजे एकांत यावरून, 'गूढ' हे 'गुह्' या धातूवरून, ज्यातून 'गुहा' आली. पण कथाप्रकार म्हणून मराठीने त्यांची वाटणी केली आहे. रहस्यकथेत प्रश्न असतो, धागेदोरे असतात आणि शेवटी उत्तर मिळते. बाबूराव अर्नाळकरांच्या वाचकांना हेच अपेक्षित होते. गूढकथेत अतर्क्य काही घडते आणि त्याची सावली शेवटानंतरही उरते, जशी रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत. हरवलेल्या भावाचा माग काढणारी मुलगी शेवटी त्याला शोधून काढत असेल, तर ती रहस्यकथा. त्यावर 'गूढ' छापले की वाचक भुताची वाट पाहत बसतो आणि शेवटी खट्टू होतो.

'साहस' मात्र ठीक आहे. 'सहस्' म्हणजे बळ, त्यावरून 'साहस'. जुन्या धर्मशास्त्रात बळजबरीने केलेल्या गुन्ह्यालाही साहस म्हणत. 'उगाच साहस करू नकोस' यात त्याची छटा अजून आहे. 'धाडस' हा स्वभावाचा गुण आणि साहस ही कृती, म्हणून 'साहसकथा' रुळली, 'धाडसकथा' नाही.

'कादंबरी'बद्दल शंका नको, पण आठवण हवी. हिंदी-बंगालीत उपन्यास, गुजरातीत नवलकथा. मराठीने सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'कादंबरी' या संस्कृत कथेतल्या नायिकेचे नावच प्रकाराला दिले. त्या कथेत उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड किन्नरांच्या जोडीमागे घोडा फेकतो, वाट चुकतो, अच्छोद सरोवराशी पोचतो, आणि तिथून प्रेम आणि पूर्वजन्मांचे रहस्य उलगडत जाते. घरापासून दूर प्रेम, रहस्य आणि साहस एकत्र, हे मिश्रण या शब्दाच्या पोटातच आहे.

आता जुळणी. 'परदेशी रहस्यकथा' लिहू नका. त्याचा अर्थ परदेशात लिहिलेली असा होतो. 'परदेशात घडणारी' म्हणा. 'प्रेमरहस्य कादंबरी' असे जोडले की वाचक 'प्रेमाचे रहस्य' असा समास सोडवतो, आणि 'साहसी प्रेमकथा'त प्रेमच धाडसी ठरते. शब्दांची रांग लावण्याऐवजी कथेचा कणा शोधावा: कोणता धागा काढला तर गोष्टच कोसळते? तो धागा नाम होतो, बाकीचे त्याला जोड म्हणून येतात. भावाचा शोध काढून टाकला तर या पुस्तकात काहीच उरत नाही, तेव्हा मलपृष्ठावर असे हवे: 'नवतरुणांसाठी, परदेशात घडणारी साहसपूर्ण रहस्यकथा, हळुवार प्रेमकथेची जोड असलेली.' प्रेम हाच कणा असेल तर क्रम उलटा: 'परदेशात फुलणारी प्रेमकथा, रहस्य आणि साहस यांच्या गुंफणीतून.' कपाटावरच्या चिठ्ठीला इतकी जागा नसते. तिथे 'यंग अ‍ॅडल्ट' असेच देवनागरीत लिहिलेले चालेल, 'तरुण प्रौढ' मात्र नको.